ऊर्जानगरचा पॉइंट गार्ड

ताडोबाला जाणारी मंडळी ऊर्जानगर बघतात ती गाडीच्या काचेतून. चंद्रपूर शहर मागे पडतं, दुर्गापूरची वस्ती लागते आणि चिमण्या दिसायला लागतात. ड्रायव्हर सवयीने म्हणतो, 'हे थर्मल, साहेब.' मागच्या सीटवरचे साहेब डुलक्या काढत असतात, कारण पहाटेची सफारी! मग पद्मापूर येतं, मोहर्ली येतं आणि नशीब जोरावर असेल तर वाघ येतो. परत आल्यावर चारशे फोटो निघतात. त्यात ऊर्जानगरचा एकही नसतो.

यंदा जानेवारीत मी तिथे तीन दिवस काढले, आणि तेही वाघासाठी नाही. पुण्यातला माझा ऑफिसमित्र या थर्मल कॉलनीत लहानाचा मोठा झालाय. 'घरी चल, सांबारवडी खायला घालतो,' एवढ्या आमिषावर मी बॅग भरली. (पुणे-मुंबईकरांसाठी खुलासा : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार वडीत कोंबलेलं नसतं.)

सांबारवडी मिळालीच. तिच्याबरोबर एक वादही पानात पडला. तो शनिवारी संध्याकाळी सुरू झाला आणि मी रविवारी रात्री गाडीत बसेपर्यंत चालू होता. विषय : बास्केटबॉलमधला आजवरचा सर्वांत ग्रेट पॉइंट गार्ड कोण?

हसू नका. या वादाच्या नादात मला ऊर्जानगर कळलं. आणि ऑफिसातला एक फॉर्म कसा भरायचा, तेही कळलं.

चिमण्यांच्या सावलीत

आधी गावाची ओळख. ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. पहिला २१० मेगावॉटचा संच इथे १९८३ मध्ये सुरू झाला. मग एकेक करत संच वाढले. पहिले दोन संच आता निवृत्त झालेत, पण २०१६ मध्ये ५००-५०० मेगावॉटचे दोन नवे संच आल्यावर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉटवर गेली. पाणी जवळच्या इरई धरणाचं, कोळसा आसपासच्या वेकोलिच्या खाणींचा. आधी मालक होतं वीज मंडळ. जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, तेव्हापासून पाटी 'महानिर्मिती'ची.

कॉलनी मात्र टिपिकल सरकारी. एकसारखी क्वार्टर्स, झाडांच्या रांगा, कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी आणि सायकलवरून ड्युटीला निघालेली माणसं. इथली घड्याळं वेगळी असतात. एका घरात नाश्ता चाललेला असतो, तेव्हा शेजारच्या घरात रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायला जात असतो. मुलं दुपारी हळू आवाजात खेळायला शिकतात ती त्यामुळेच.

मैदानाच्या कडेला बास्केटबॉलची रिंग आहे. जाळी केव्हाच गेलीय. आम्ही सहा-सात जण तिथे धापा टाकत होतो. मित्र, त्याची कॉलेजात खेळणारी धाकटी बहीण, बँकेत नोकरी करणारा एक शाळासोबती, आता शाळेतच शिकवणारा दुसरा शाळासोबती आणि लिंबूटिंबू मी. अंधार पडायच्या आत सगळे घराकडे वळले. मला वाटलं, थकले असतील. कारण वेगळंच होतं. ताडोबाचं जंगल इथून हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून घरी निघालेल्या थर्मलच्या एका कामगाराचा वाघाने बळी घेतला होता, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाचा बिबट्याने. तेव्हापासून संध्याकाळचा कट्टा मैदानावरून व्हरांड्यात सरकलाय.

त्या व्हरांड्यात, चहाच्या पहिल्या घोटाला, बँकवाल्याने ठिणगी टाकली. 'काही म्हणा, मॅजिकसारखा पॉइंट गार्ड झाला नाही अन् होणार बी नाही.'

'काहून? स्टॉकटन काय झोपला होता काय बे?' माझा मित्र उसळला. झालं!

पंगतीतला वाढपी

बास्केटबॉलशी ज्यांची फक्त तोंडओळख आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संघात पाच खेळाडू असतात. त्यातला पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो, पुढची चाल ठरवतो आणि ज्याला मोकळी जागा मिळालीय त्याच्या हातात बरोब्बर वेळेवर चेंडू देतो. बास्केट दुसरा करतो. लग्नाच्या पंगतीतला मुरलेला वाढपी आठवा. कुणाच्या पानातली भाजी संपत आलीय, कोण लाजून मागत नाहीये, हे त्याला आधी कळतं. जेवणारे ढेकर देतात, कौतुक आचाऱ्याचं होतं आणि वाढपी पुढच्या पंगतीकडे जातो.

त्याच्या कामाची नोंद होते ती 'असिस्ट' या रकान्यात. तुमच्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली तर तुमच्या नावावर एक असिस्ट. त्याचा नेम चुकला तर शून्य. पास तोच, डोकं तेच, मेहनतही तेवढीच. पण तुमचा आकडा दुसऱ्याच्या हातात!

आपल्याकडे याचं सख्खं भावंड म्हणजे एकनाथ सोलकर. बॅटच्या जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय उभं राहून या माणसाने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. स्कोअरबुकात विकेट जमा झाली ती बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर नाहीतर वेंकटच्या नावावर. 'भारताचा सर्वांत मोठा स्पिनर कोण?' यावर रात्र-रात्र भांडणारे आपण, त्यातल्या किती विकेट सोलकरच्या बोटांतून गेल्या हे मोजायला बसत नाही.

म्हणूनच या जागेवरच्या खेळाडूंची क्रमवारी लावणं महाकठीण. सर्वाधिक गुण कुणाचे हे कॅल्क्युलेटर सांगतो. दुसऱ्यांकडून सर्वाधिक करून घेतलं कुणी, हे सांगताना कॅल्क्युलेटरही चाचरतो.

व्हरांड्यातल्या चार पार्ट्या

बँकवाला मॅजिक जॉन्सनचा. उंची सहा फूट नऊ इंच. या उंचीच्या माणसाला एरवी रिंगखाली उभं करतात, हा मात्र चेंडू घेऊन पळायचा. लेकर्ससाठी पाच विजेतेपदं, तीनदा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. सामन्यामागे सरासरी ११.२ असिस्ट, आणि संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब केला तर एवढी सरासरी दुसऱ्या कुणाचीही नाही. १९८० च्या अंतिम फेरीत करीम अब्दुल-जब्बार जखमी झाला, तेव्हा या नवख्या पोराने सेंटरच्या जागेवर सुरुवात केली आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून विजेतेपद घेऊन आला. 'तेव्हा तो वीस वर्षांचा होता,' बँकवाला म्हणाला. 'आपण विसाव्या वर्षी काय करून राहिलो होतो? एटीकेटी!'

मास्तरांची पार्टी जुनी. ऑस्कर रॉबर्टसन. १९६१-६२ च्या मोसमात सामन्यामागे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. म्हणजे तीन रकान्यांत दोन आकडी सरासरी, आणि तीही अख्ख्या मोसमाची. नंतर पंचावन्न वर्षं हे कुणाला जमलं नाही. जमलं ते रसेल वेस्टब्रुकला, २०१६-१७ मध्ये. त्यावर बँकवाल्याचा फटका, 'तेव्हा खेळ किती फास्ट होता, किती शॉट मारायचे! नेम चुकले की रिबाउंडच रिबाउंड. महागाई वजा कर ना बे!'

धाकटी बहीण अर्थातच स्टीफन करीची. चार विजेतेपदं. २०१५-१६ मध्ये एका मोसमात ४०२ थ्री-पॉइंटर, आणि त्याच मोसमात एकमताने सर्वोत्तम ठरलेला पहिला खेळाडू. बुजुर्गांचा आक्षेप ठरलेला : 'तो शूटर आहे, पॉइंट गार्ड कुठून आला?' तिचं उत्तर मला जाम आवडलं. 'दादा, तो रिंगपासून तीस फुटांवर नुसता उभा राहिला तरी दोघं त्याच्यामागे धावतात. मग मधली जागा कुणाला मिळते? बाकीच्या चौघांना. हा पास नाही तर काय आहे? फक्त त्याचा रकाना नाही.'

आणि माझा मित्र जॉन स्टॉकटनचा. युटा जॅझ या एकाच संघाकडून १९ मोसम. १५,८०६ असिस्ट. दुसऱ्या नंबरचा खेळाडू अजून कितीतरी मागे आहे. उंची आपल्यातल्या एखाद्या उंच माणसाएवढी, चेहरा पोस्टमास्तरसारखा, स्टाइल शून्य. विजेतेपदंही शून्य. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत मायकेल जॉर्डनच्या शिकागोकडून हार.

'शून्य विजेतेपदंवाला ग्रेटेस्ट कसा रे?' बँकवाल्याने हुकमी पत्ता टाकला. हा बँकवाला ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज-पेसर्स सामना प्रत्यक्ष बघून आलेला. त्यामुळे व्हरांड्यात त्याच्या शब्दाला वजन आहे. 'शेवटी ट्रॉफी दाखव, नाहीतर बस खाली.'

काकांचा हिशेब

इतका वेळ आरामखुर्चीत पेपर वाचणारे मित्राचे बाबा बोलले ते इथे. काकांनी पस्तीस वर्षं थर्मलमध्ये काढली. त्यातली बरीच कंट्रोल रूममध्ये, तीन पाळ्यांत. बास्केटबॉलचं त्यांना काही पडलेलं नाही.

'पोट्टेहो, तुम्ही संच कसा मोजून राहिले ते तरी सांगा.'

'कोणता संच, बाबा?'

'अरे, तुमचा तो मॅजिक का फॅजिक. पाटीवर ५०० मेगावॉट लिहिलं म्हणजे ५०० निघते काय? कोळसा ओला आला, बॉयलरची ट्यूब लीक झाली, कळव्याहून फोन आला की लोड कमी करा... मग?'

आणि मग काकांनी आम्हाला वीजकेंद्राचं गणित शिकवलं. इतकं सोपं गणित मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

संचाला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, क्षमता किती? म्हणजे सगळं जुळून आलं तर जास्तीत जास्त किती वीज देईल? दुसरा, उपलब्धता किती? वर्षातला किती काळ तो चालायला तयार होता, आणि किती काळ दुरुस्तीत पडून होता? तिसरा, पीएलएफ किती? पूर्ण क्षमतेने सतत चालला असता तर जेवढी वीज झाली असती, त्यातली प्रत्यक्षात किती टक्के झाली? 'हे तीन आकडे वेगवेगळे आहेत,' काका म्हणाले. 'तुम्ही तिघं तीन वेगळे आकडे घेऊन भांडून राहिले.'

सॉलिड! आम्ही लगेच कागद घेतला. मास्तरांचा ऑस्कर म्हणजे क्षमता : एका मोसमात माणूस कुठवर जाऊ शकतो, याची पाटी. मित्राचा स्टॉकटन म्हणजे उपलब्धता : १९ मोसमांत १,५२६ सामने होते, त्यातले तो १,५०४ खेळला. चुकले फक्त २२.

काकांनी चष्मा वर केला. 'साडेअठ्ठ्याण्णव टक्के? एकोणीस वर्षं? असा संच मला दाखवा. मी स्वतः जाऊन नारळ फोडतो.'

आणि बँकवाल्याचा मॅजिक म्हणजे पीएलएफ : हाताशी जे होतं, त्यातून जवळजवळ सगळं काढून दाखवणारा. पण काकांनी तिथेही पाचर मारून ठेवली. पीएलएफ कमी आला म्हणजे संच वाईट, असं नसतं. राज्यात मागणीच कमी असेल, तर कळव्याचं भार प्रेषण केंद्र सांगतं, लोड उतरवा. चांगला धडधाकट संच खाली आणावा लागतो. पूर्ण लोड मिळणं हेही नशीब असतं. मॅजिकला करीम मिळाला. ऑस्करला सिनसिनाटीत अशी साथ मिळाली नाही. ती मिळाली मिलवॉकीत, पुन्हा करीमचीच, आणि १९७१ मध्ये विजेतेपदही मिळालं. आधीच्या मोसमात ५६ सामने जिंकलेला तो संघ ऑस्कर आल्यावर ६६ जिंकला. स्टॉकटनच्या समोर जॉर्डन होता. यातलं कुठलंच पाटीवर लिहिलेलं नसतं.

साडेसातशे किलोमीटरचा पास

रविवारी सकाळी काकांबरोबर फिरायला गेलो. दूरवर तारांचे मनोरे शिस्तीत एकामागे एक जाताना दिसत होते. मी विचारलं, 'ही वीज जाते कुठे?'

'सगळीकडेच. पण आपली एक खास लाइन आहे. पडघ्याची.'

चंद्रपूर-पडघे. एक टोक इथे, दुसरं ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या वेशीवर. अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर. एरवी वीज एसी स्वरूपात वाहते. इथे ती आधी डीसी केली जाते, ५०० किलोव्होल्टच्या दाबाने पाठवली जाते आणि पडघ्याला पुन्हा एसी केली जाते, कारण एवढ्या लांबच्या पल्ल्यात डीसीमध्ये गळती कमी होते. क्षमता १,५०० मेगावॉट. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही लाइन महाराष्ट्राच्या पूर्व टोकाची वीज पश्चिम टोकाला पोचवतेय.

मला एकदम क्लिक झालं. हा पास आहे! महाराष्ट्रातला सर्वांत लांब पास. चेंडू इथून निघतो, बास्केट तिकडे होते. तिकडे मॉल झगमगतात, लोकल धावतात, सर्व्हर गुरगुरतात, आपण एसी अठरावर ठेवून वर ब्लँकेट घेतो. टाळ्या शहराला. असिस्टचा रकाना? तो लाइटच्या बिलावर नसतो.

पास देणाऱ्याकडे काय उरतं, तेही काकांनी सांगितलं. एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्के. म्हणजे युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. तुमच्या फ्लॅटचं बिल महिन्याला २०० युनिटचं असेल आणि ती सगळी वीज कोळशाची असेल, तर चाळीस-पन्नास किलो राख कुठेतरी तुमच्या नावाने पडते. फक्त तुमच्या गॅलरीत पडत नाही, एवढंच.

चंद्रपूरचा एका यादीत फार वरचा नंबर लागला होता, हे मला तेव्हाच कळलं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली. चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथं. एवढी वीज देणाऱ्या जिल्ह्याला मिळालेली ही रँक! त्याच दशकात राज्यात लोडशेडिंगचे दिवस होते आणि खेड्यापाड्यांत तासन्‌तास अंधार असायचा.

मी विचारलं, 'काका, राग नाही येत?'

काका थोडं थांबून म्हणाले, 'रागाचं काय! पस्तीस वर्षं पाळ्या केल्या. लाइट गेली की दहा फोन येत. लाइट आहे म्हणून एकाचाही फोन आला नाही.'

सोमवारचा बेल कर्व्ह

आता ऑफिसातल्या फॉर्मबद्दल. सोमवारी मला माझ्या टीमची रँकिंग द्यायची होती. आठ माणसं, एक ते आठ. वरच्या दोघांना चांगली वाढ, मधल्यांना 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' आणि शेवटच्यासाठी 'आपण जरा बोलू या'. बेल कर्व्हचा हा फंडा तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल.

आमच्याकडे मुख्य आकडा म्हणजे कुणी किती टिकट्स बंद केले. त्या यादीत एक मुलगी सहावी येत होती. पण बाकीच्या सात जणांचं काम अडलं की ते उठून जातात तिच्याच टेबलाशी. ती स्वतःचं काम बाजूला ठेवते, वीस मिनिटं समजावते, तो माणूस परत येऊन टिकट बंद करतो आणि नोंद त्याच्या नावावर होते. वाढपी, सोलकर, पडघ्याची लाइन, काय हवं ते म्हणा. सिस्टीममध्ये तिच्यासाठी रकानाच नाही.

सहावी म्हणजे सहावी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आकडे दाखवता येतात, आकड्यांवर कुणी भांडत नाही. पण रँक म्हणजे नुसता आकडा नसतो. त्यावर माणसाचं होम लोन असतं आणि पुढची उमेद असते.

तो नसताना काय झालं?

रविवारी दुपारी जेवणानंतर मी हा प्रश्न व्हरांड्यात टाकला. ज्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, त्याला मोजायचं कसं?

धाकटीने सांगितलं, 'सोपं आहे. तो नसताना टीमचं काय झालं ते बघायचं. थर्मल बंद पडल्यावरच कळते ना थर्मल.'

कागद पुन्हा बाहेर आला. १९९०-९१ मध्ये लेकर्स ५८ सामने जिंकले, अंतिम फेरीत गेले. नोव्हेंबर १९९१ मध्ये मॅजिकने एचआयव्हीचं निदान जाहीर करून निवृत्ती घेतली. त्या मोसमात लेकर्स जिंकले ४३. उलटंही तपासलं. फिनिक्स सन्स एका मोसमात २९ सामने जिंकले होते. २००४ मध्ये स्टीव्ह नॅश आला आणि आकडा झाला ६२. जेसन किड आल्यावर न्यू जर्सी नेट्स २६ वरून ५२ वर गेले, तेही एका वर्षात. नॅशच्या नावावर एकही विजेतेपद नाही. पण आकडा बघा!

'अन् माझ्या स्टॉकटनचं काय?' मित्र कळवळला. 'तो गैरहजरच राहत नव्हता, तर मोजणार कसं?'

खरीच गोची. सगळ्यात भरवशाचा माणूस या परीक्षेला बसतच नाही. जो संच कधी ट्रिप होत नाही, त्याची आठवण कुणाला येते? जो कलीग कधी सुट्टी घेत नाही, त्याच्यावाचून अडतं हे कळायचं कसं?

उत्तर मास्तरांनी शोधलं. स्टॉकटनचे चुकलेले जे २२ सामने, त्यातले १८ एकाच मोसमातले. १९९७-९८ च्या सुरुवातीला गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. त्या १८ सामन्यांत युटा जॅझ ११ जिंकले, ७ हरले. तो परत आला आणि उरलेल्या ६४ पैकी त्यांनी ५१ जिंकले. शंभरात एकसष्टवरून ऐंशीवर! आणि तोही छत्तिशीच्या उंबरठ्यावरचा खेळाडू.

व्हरांडा दोन मिनिटं गप्प. बँकवाल्याने मित्राच्या पाठीवर थाप मारली. 'मान्य बाप्पा. पण मॅजिक तो मॅजिकच.'

परतीच्या गाडीत मी लॅपटॉप उघडला. त्या मुलीने दिवाळीत पाच दिवस सुट्टी घेतली होती. त्या आठवड्यातले टीमचे आकडे काढले. बंद झालेले टिकट्स निम्म्यावर. तिचे एकटीचे नाहीत, सगळ्यांचे. हे होते माझे अठरा सामने.

तिला मी पहिल्या नंबरवर टाकलं. कारणाच्या चौकटीत तीन ओळी लिहिल्या आणि त्या आठवड्याचा तक्ता जोडला. फॉर्म वर गेलाय. वरून दोनदा विचारणा झाली, दोनदा तोच तक्ता पाठवला. निकाल एप्रिलमध्ये. बघू!

माझी यादी

आता तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. पहिला मॅजिक, कारण त्याच्या हातात चेंडू असताना बाकीचे चौघे आहेत त्यापेक्षा मोठे वाटायचे. दुसरा करी, कारण चेंडू हातात नसतानाही तो पास देतो. तिसरा ऑस्कर. आकड्यांसाठी तर आहेच, पण त्याचा सर्वांत मोठा असिस्ट बास्केटबॉलच्या कोर्टावरचा नाही, न्यायालयाच्या कोर्टातला आहे. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून १९७० मध्ये त्याने लीगविरुद्ध खटला भरला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंना संघ बदलण्याच्या स्वातंत्र्याची वाट खुली झाली. आजच्या प्रत्येक गलेलठ्ठ करारामागे त्याचा पास आहे. चौथा स्टॉकटन (मित्राने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं). पाचवा आयझाया थॉमस. १९८८ च्या अंतिम फेरीत मुरगळलेल्या पायाने एकाच क्वार्टरमध्ये २५ गुण करून तो हरला, आणि पुढची दोन्ही वर्षं डेट्रॉइटला जिंकवून गेला.

पटत नाही? पटू नकाच. यादी भांडायलाच असते. फक्त भांडताना आपण क्षमता मोजतोय, उपलब्धता मोजतोय की दुसऱ्याच्या रकान्यातलं काम मोजतोय, तेवढं आधी ठरवा. आणि पुढच्या वेळी ताडोबाला जाताना चिमण्या दिसल्या की डुलकी आवरा, काच खाली करा. तुमच्या फोनचं चार्जिंग कदाचित तिथूनच आलेलं असेल.

जाताय?

कसं जाल : चंद्रपूर दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे. नागपूरहून रस्त्याने वरोरा-भद्रावतीमार्गे साधारण दीडशे किलोमीटर. ऊर्जानगर शहराच्या उत्तरेला, मोहर्ली रस्त्यावर.

केव्हा जाल : डिसेंबर-जानेवारी बेस्ट. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत सहज जातो. जिगर असेल तरच जा.

काय बघाल : चंद्रपुरातला गोंडकालीन परकोट आणि त्याचा जटपुरा दरवाजा. ताडोबा हवंच असेल तर मोहर्ली गेटचं बुकिंग आधी करा. कोअरमधली सफारी पावसाळ्यात आणि मंगळवारी बंद असते. वीजकेंद्रात मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा गेटवर हुज्जत घालू नका.

काय खाल : सकाळी तर्री-पोहे, थंडीत सांबारवडी. आणि व्हरांड्यात कुणी 'ग्रेटेस्ट कोण?' म्हटलं, तर चहा दुसऱ्यांदा मागवा. पहिल्या कपात संपत नाही.